‘क्लोज टू द एज’: मूळ मिक्स, विल्सन यांचे रीमिक्स आणि १९७२च्या मैफली

येस या इंग्लिश बँडचा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम सप्टेंबर १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनच रचना आहेत: रेकॉर्डची पहिली बाजू पूर्ण व्यापणारी, जवळपास १९ मिनिटांची शीर्षकरचना आणि दुसऱ्या बाजूवर १० मिनिटांची ‘अँड यू अँड आय’ व सुमारे ९ मिनिटांची ‘सायबेरियन खात्रू’. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना या अल्बमची थोरवी सांगण्याची गरज नाही. मात्र आज तो विकत घ्यायचा झाल्यास नेमका कोणता घ्यावा, हा प्रश्न जुन्याजाणत्या श्रोत्यांनाही पडतो. बाजारात ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीचा २००३चा रीमास्टर आहे, पॅनेजिरिक या दुसऱ्या कंपनीचा २०१३चा सीडी आणि ब्लू-रे असा जोडसंच आहे, २०१८चा पाच अल्बमांच्या रेकॉर्डचा खोका आहे आणि २०२५मध्ये त्यात आणखी एका भारदस्त संचाची भर पडली आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: घ्यायचा तर २०१३चा ब्लू-रे असलेला संच घ्यावा. त्यातले स्टीव्हन विल्सन यांचे रीमिक्स उत्तम आहेच, पण त्याच्या शेजारी मूळ मिक्सही, म्हणजे १९७२मध्ये वाद्ये आणि गळे ज्या प्रमाणात एकत्र मिसळले ते रूपही, कोणतीही रंगरंगोटी न करता ठेवलेले आहे, आणि या अल्बमच्या बाबतीत या दोहोंपैकी एकावर भागत नाही.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत पुष्कळदा गल्लत होते, म्हणून तेवढे स्पष्ट केलेले बरे. रीमास्टर करणारा तंत्रज्ञ तयार झालेल्या दोन चॅनलांच्या मास्टर टेपवर काम करतो. त्याला एकंदर आवाज उजळवता येतो, पातळी वाढवता येते, पण गिटार पुढे आणून ऑर्गन मागे नेणे त्याच्या हातात नसते. रीमिक्स करणारा त्याच्याही मागे, म्हणजे वाद्ये आणि गळे वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपपर्यंत जातो आणि सगळी मांडणी नव्याने करतो. पॉर्क्युपाइन ट्रीचे संस्थापक असलेल्या विल्सन यांनी २००९पासून किंग क्रिमसनच्या अल्बमांवर हे काम सुरू केले आणि पुढे जेथ्रो टल, जेंटल जायंट, कॅरव्हॅन अशी मंडळी एकामागून एक त्यांच्याकडे आली. आपल्याकडच्या श्रोत्यांनी तर त्यांना प्रत्यक्षही ऐकलेले आहे. २००९च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’मध्ये वाजवून गेला आणि २०१६मध्ये विल्सन पुण्यात एनएच७ वीकेंडरच्या मंचावर होते. किंग क्रिमसनच्या १९७०च्या ‘लिझर्ड’विषयी खुद्द त्या बँडचे प्रमुख रॉबर्ट फ्रिप यांचे मत फारसे चांगले नव्हते, ते विल्सन यांचे मिक्स ऐकल्यावर बदलले. मूळ ‘लिझर्ड’ ऐकताना मलाही वाद्ये एकमेकांच्या पायात येत असल्यासारखी वाटत, आणि तिथे रीमिक्सने अल्बम वाचवला असे म्हणायला माझी हरकत नाही. ‘क्लोज टू द एज’ची गोष्ट मात्र तशी नाही. त्याचे मूळ मिक्स बिघडलेले नव्हते, त्यामुळे इथे रीमिक्सला दुरुस्तीचे श्रेय मिळत नाही. त्याला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

मूळ मिक्स जसे आहे तसे का आहे, हे समजायला ध्वनिमुद्रणाची पद्धत ठाऊक असावी लागते. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत बँडने आणि ध्वनिमुद्रक व सहनिर्माते एडी ऑफर्ड यांनी हा अल्बम तुकड्यातुकड्यांनी तयार केला. शीर्षकरचना सलग वाजवून घेतलेली नाही. थोडा भाग बसवायचा, तो टेपवर घ्यायचा, मग पुढचा बसवायचा आणि टेप कापून आधीच्या भागाला जोडायची, अशा रीतीने तिचा डोलारा उभा राहिला. टेपवर ट्रॅक १६, त्यात दोन-तीन गळ्यांचे थर, एका वादकाचे चार प्रकारचे कीबोर्ड, गिटारींचे पदर आणि शिवाय निसर्गातले आवाज. मिक्सिंगच्या वेळी फेडरच्या, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांच्या, हालचाली लक्षात ठेवणारा संगणक नव्हता, ज्या काही चढउतारांच्या खुणा आहेत त्या माणसांच्या बोटांच्या आहेत. ऑफर्ड यांच्या मिक्समध्ये जी एक धग आहे ती बऱ्याच अंशी या घाईगर्दीतून आली असावी, असे मला नेहमी वाटते.

शीर्षकरचनेची सुरुवात पक्ष्यांच्या किलबिलाटाने आणि वाहत्या पाण्याने होते. हा आवाज सावकाश चढत जातो आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता सगळे वादक तुटून पडतात. स्टीव्ह हाऊ यांची गिटार कुठल्याच स्वरावर विसावत नाही, ख्रिस स्क्वायर यांचा रिकनबॅकर बेस तिच्या खालून वेगळीच वाट काढत चढत राहतो, बिल ब्रुफर्ड यांचे ड्रम या दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे ठरवत नाहीत, आणि मधेच सगळे एकदम थांबून गळ्यातून एक ‘आ’कार लावतात व पुन्हा त्याच धुमश्चक्रीत उतरतात. सुमारे तिसऱ्या मिनिटाला गिटारवर मुख्य धून येते तेव्हा छातीवरचे ओझे उतरावे तसे वाटते. मूळ मिक्समध्ये या पहिल्या भागातली वाद्ये एकमेकांवर आदळतात. कोण काय वाजवते आहे हे कळायला हेडफोन लावून चिकाटीने बसावे लागते, आणि तरीही सगळे कळत नाहीच. विल्सन यांनी प्रत्येकाला हक्काची जागा दिली आहे. त्यामुळे बेसच्या तारेवर पडणारा प्लेक्ट्रमचा आघात सुटा ऐकू येतो, मागचे कीबोर्ड काय करत होते ते समजते, ब्रुफर्ड यांच्या स्नेअर ड्रमचा तो खणखणीत, थोडा रिकामा टणत्कार नेमक्या जागी बसतो. अभ्यासाला हे फार चांगले आहे. पण मिसळीतले सगळे घटक वेगवेगळ्या वाट्यांत वाढले तर जे होईल तेच इथे होते. या तीन मिनिटांत गोंधळ हाच रचनेचा भाग आहे. तो जितका असह्य, तितकी पुढची धून सुखाची. गोंधळ सुसह्य केल्यावर धून केवळ सुंदर उरते. त्यामुळे इथवर मी निःसंशय ऑफर्ड यांच्या बाजूचा आहे.

पुढे मात्र पारडे फिरते. रचनेचा तिसरा भाग संथ आहे. ताल जवळजवळ विरून जातो, कीबोर्डचे लांब स्वर पसरत राहतात आणि त्यावर एकाच वेळी दोन गाणी चालू असतात. एकीकडे मुख्य गायक जॉन अँडरसन आणि दुसरीकडे स्क्वायर व हाऊ, शब्द वेगळे, ओळींची लांबीही वेगळी. मूळ मिक्समध्ये कान अँडरसन यांच्या मागे जातो आणि दुसरे गाणे नुसती साथ वाटते. विल्सन यांच्या मिक्समध्ये दोन्ही गाणी बरोबरीने ऐकू येतात, आणि पुष्कळ वर्षे हा अल्बम ऐकणाऱ्यालाही स्क्वायर यांचा गळा किती निर्मळ होता हे नव्याने उमगते. स्क्वायर यांच्या गाण्याकडे त्यांच्या बेसमुळे दुर्लक्ष झाले, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे. या मिक्सने त्याची थोडी भरपाई केली.

मग येतो तो ऑर्गन. कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी तो लंडनमधल्या बार्बिकन भागातल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वाजवला आहे. स्टुडिओतल्या कोरड्या, जवळच्या आवाजानंतर एकदम दगडी वास्तूचा भव्य घुमारा येतो, ही मूळचीच नाट्यमय कल्पना. पण रेकॉर्डवर आणि सुरुवातीच्या सीडींवर तो घुमारा थोडा आक्रसलेला वाटे. रीमिक्समध्ये ऑर्गनचे खालचे स्वर खोलीत पोहोचतात, आणि स्वर सुटल्यानंतर मागे रेंगाळणारा चर्चचा नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकता येतो. संचातल्या ५.१, म्हणजे सभोवती सहा स्पीकर लावून ऐकायच्या सराउंड मिक्समध्ये हा नाद मागच्या स्पीकरांतून येतो आणि ऐकणारा त्या वास्तूच्या आत असतो. सराउंड मिक्सचा उगाच सोस नसलेल्या माझ्यासारख्यालाही हे दोन मिनिटांचे प्रकरण मान्य करावे लागते. त्यानंतर मूग सिंथेसायझर आणि शेवटच्या भागातला हॅमंड ऑर्गनचा धावता तुकडा. तिथे विल्सन यांनी हॅमंड जरासा मोकळा केला आहे, इतकाच फरक.

या रचनेमागे हर्मन हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीची प्रेरणा आहे आणि ती नदी शीर्षकाच्या आसपास वाहते, हे सर्वश्रुत आहे. अँडरसन यांच्या शब्दांतून मात्र कथा शोधू नये. ते शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण करू पाहणाऱ्यांची नेहमीच फजिती होते. ख्याल ऐकताना बंदिशीच्या शब्दांकडे ज्या सैल लक्षाने आपण पाहतो, तेवढे इथे पुरते.

‘अँड यू अँड आय’ हे संपूर्ण अल्बममधले माझ्या मते विल्सन यांचे सर्वांत यशस्वी काम. बारा तारांच्या गिटारीवर हाऊ हार्मोनिक्स छेडतात, मग ठेका सुरू होतो, आणि मोठ्या वाद्यमेळाच्या भागात मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे स्वर वाजवणारा कीबोर्ड), मूग आणि स्टील गिटार एकाच वेळी वर उठतात. मूळ मिक्समध्ये त्या उंचीवर आवाजाला छत लागते, सगळे एका पातळीवर दाबले जाते. रीमिक्समध्ये छत नाही. मेलोट्रॉनच्या तंतुवाद्यांना धूसरपणा आहे, पण त्या धूसरतेच्या आत स्टील गिटारची घसरत जाणारी रेघ अखंड दिसते, आणि तिच्या खाली बेसच्या थोड्याच, पण फार विचारपूर्वक निवडलेल्या स्वरांचा आधार जाणवतो. या रचनेसाठी मी मूळ मिक्सकडे आता क्वचितच वळतो.

‘सायबेरियन खात्रू’बद्दल थोडक्यात. तिच्यातली कीबोर्डची फिरती ओळ १५ आठवांशांची आहे. पंचम सवारीशी तिचा काडीचाही संबंध नाही, पण बोटावर मात्रा मोजायची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला ती सुखावते. मधला हार्पसिकॉर्डचा तुकडा आणि त्याच्या पाठोपाठ येणारी इलेक्ट्रिक सतार रीमिक्समध्ये अधिक टोकदार झाली आहेत. मूळचा कडकपणा किंचित कमी झाला आहे. दोन्ही मिक्स बरोबरीचे.

२०१३च्या संचाच्या जमेच्या बाजूला आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आवाजाची पातळी कृत्रिमरीत्या चढवलेली नाही. २००३चा रीमास्टर सुरुवातीला चकचकीत वाटतो, पण शीर्षकरचना संपेपर्यंत कान शिणतात. २०१३च्या संचात आवाज वाढवण्याचे काम ऐकणाऱ्याच्या हाती सोपवले आहे आणि ते योग्यच आहे. जेनेसिसच्या जुन्या अल्बमांची २००७च्या सुमारास आलेली रीमिक्से याच कारणाने माझ्या पसंतीस उतरली नाहीत. तपशील भरपूर, पण श्वास घ्यायला जागा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ब्लू-रेवर असलेली तिन्ही रचनांची गळ्याविना रूपे. ती पूरक म्हणून चांगली आहेत, तरी अँडरसन यांचा आवाज काढल्यावर येसचा कणाच काढल्यासारखे होते, हेही त्यातून कळते. संचाचा दोष म्हणावा तर ब्लू-रेवरच्या सामग्रीची दाटी. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या आवृत्तीसह इतकी रूपे तिथे आहेत, की नवख्या माणसाला काय आधी ऐकावे हे उमजणार नाही. त्याने मूळ मिक्सची थेट प्रत आधी ऐकावी आणि रीमिक्सकडे नंतर वळावे.

विल्सन यांनी पुढे ‘द येस अल्बम’, ‘फ्रजाइल’, ‘रिलेयर’ आणि ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हेही अल्बम हाताळले. त्यांतल्या शेवटच्याला रीमिक्सचा लाभ अधिक झाला, कारण त्याचे मूळ मिक्स खरोखर गढूळ होते. परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेतून श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्र अशा चार बाजूंचा हा १९७३चा पसारा निघाला, आणि तो वाजवताना कंटाळलेल्या वेकमन यांनी मँचेस्टरच्या मंचावर कीबोर्डच्या आडोशाला भारतीय जेवण मागवून खाल्ले, असे ते स्वतःच सांगतात. त्यात विंदालू होता म्हणे. गोव्याच्या वाचकांनी याचा काय तो अर्थ लावावा.

आता मैफली. अल्बम पुरा होताच ब्रुफर्ड किंग क्रिमसनमध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेले ड्रमवादक ॲलन व्हाइट यांच्याकडे सगळा कार्यक्रम बसवायला अवघे तीन दिवस होते. त्या वर्षीच्या दौऱ्यांतून मे १९७३मध्ये ‘येससाँग्ज’ हा तीन रेकॉर्डचा अल्बम निघाला. स्ट्राविन्स्की यांच्या ‘फायरबर्ड’चा अंतिम भाग टेपवरून वाजतो आणि त्याचा शेवटचा स्वर विरता विरता बँड ‘सायबेरियन खात्रू’त शिरतो, रॉकमधल्या मंचप्रवेशांत याला तोड नाही. वादनाबद्दल तक्रारीला जागा नाही. ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र बरीच आहे: आवाज दबलेला, झांजा बोथट, बेस कधी सगळे व्यापून टाकणारा तर कधी गायब. अनेक वर्षे चाहत्यांनी वादनाखातर हे सोसले.

२०१५मध्ये आलेल्या ‘प्रोजेनी’ या १४ सीडींच्या संचाने ही उणीव भरून काढली. ‘येससाँग्ज’साठी वापरलेल्या टेपांपैकीच १९७२च्या ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंतच्या, टोरांटो ते युनियनडेल अशा सात कार्यक्रमांच्या मूळ टेपा सापडल्या, आणि त्या काळच्या तांत्रिक त्रुटी आजच्या साधनांनी निस्तरून त्यांचे मिक्स नव्याने केले गेले. साती रात्री कार्यक्रम तोच आहे आणि क्रमही तोच, त्यामुळे ही खरेदी सर्वांसाठी नव्हे. ज्याला फरक ऐकायचे आहेत त्याच्यासाठी मात्र हा मोठा ठेवा आहे. शीर्षकरचना स्टुडिओपेक्षा वेगाने जाते. व्हाइट ब्रुफर्ड यांची नक्कल करत नाहीत. ब्रुफर्ड जिथे ठोका अनपेक्षित जागी टाकून श्रोत्याला चकवतात, तिथे व्हाइट सरळ, जड आणि ठाम वाजवतात. सुरुवातीच्या धुमश्चक्रीत त्यामुळे एक वेगळीच ताकद येते, आणि नंतरच्या गुंतागुंतीच्या भागात थोडी नजाकत हरवते. चर्चचा ऑर्गन अर्थातच सोबत नव्हता. वेकमन तो भाग मंचावरच्या कीबोर्डांवर निभावून नेतात आणि भव्यता कमी पडली तरी ताण तसाच राहतो. गळ्यांची जुळणी सगळ्या रात्री सारखी नाही. कुठे वरचा स्वर निसटतो, कुठे हाऊ यांचा माइक उशिरा उघडतो की काय असे वाटते. पण ज्या रचनेची टेप कापून कापून जोडणी झाली, ती हे पाच जण काही आठवड्यांत सलग, न अडखळता उभी करत होते, याची साक्ष या संचाइतकी दुसरीकडे कुठेही मिळत नाही. स्टुडिओतल्या दोन्ही मिक्सांत जोडकामाचे सांधे शोधत बसणाऱ्यांनी हा संच अवश्य ऐकावा. दोन सीडींची निवडक आवृत्तीही मिळते आणि बहुतेकांचे तेवढ्यावर समाधान होईल.

नंतरच्या काळातल्या मैफलींबद्दल उत्साहाने बोलणे अवघड आहे. ॲरिझोनातल्या मेसा येथे २०१४मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लाइक इट इज’मध्ये हा अल्बम ‘फ्रजाइल’सह वाजवला आहे. अँडरसन यांच्या जागी आलेले जॉन डेव्हिसन गातात छान, अँडरसन यांची पट्टी त्यांना सहज पेलते, आणि ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. पण लय इतकी उतरली आहे की शीर्षकरचनेचा पहिला भाग भीतीदायक न राहता सावध झाला आहे; प्रत्येकजण आपली वळणे जपून घेतो आहे हे ऐकू येते. हा अल्बम जुलै २०१५मध्ये आला, त्याच्या काहीच दिवस आधी स्क्वायर यांचे निधन झाले होते, त्यामुळे त्यांच्या बेससाठी तो संग्रही ठेवणाऱ्याला मी बोल लावणार नाही. याउलट अँडरसन यांनी बँड गीक्स या वादकसंचाबरोबर केलेले अलीकडचे प्रयोग वेगाच्या बाबतीत १९७२च्या फार जवळ जातात.

२०१८चा रेकॉर्डचा खोका दिसायला देखणा आहे आणि येसच्या वेष्टनांचे चित्रकार रॉजर डीन यांनी त्यासाठी नवी चित्रे काढली आहेत, पण त्यात फक्त रीमिक्स आहेत. मूळ मिक्स नाही, आणि मूळचे ते साधे, गडद होत जाणाऱ्या हिरव्या रंगाचे वेष्टनही नाही. २०२५च्या ऱ्हायनोच्या संचात रीमास्टर, विल्सन यांची मिक्से, डॉल्बी ॲटमॉस (आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही आणणारे मिक्स) आणि लंडनच्या रेनबो थिएटरमधली डिसेंबर १९७२ची मैफल असा ऐवज आहे. ज्याच्याकडे या अल्बमची एकही प्रत नाही आणि खर्चाची फिकीर नाही, त्याने तो खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे २०१३चा ब्लू-रे आणि ‘प्रोजेनी’ची निवडक आवृत्ती आधीच आहे, त्याच्यासाठी त्यात नवे म्हणजे रेनबोची मैफल आणि ॲटमॉस, आणि घरात ॲटमॉसचे स्पीकर नसतील, तर एका मैफलीसाठी एवढी रक्कम मोजावी असे मला वाटत नाही.